अबाबीलांसाठी रंगवलेलं छत

कय्यूम रंगारी गेलं वर्षभर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहत होता. पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात, ह्याला तेही कुणी विचारत नव्हतं. बायको, खुर्शीदा, त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. तिनं भांडी आपटली असती, शिव्याशाप दिले असते, राजुऱ्याला माहेरी निघून गेली असती, तरी कय्यूमनं निभावून नेलं असतं. भांडणाची त्याला सवय होती, आणि भांडणात हरायची तर त्याहून जास्त. पण ही नुसती गप्प. आतल्या खोलीत तख्तावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मुलगी जोया मेडिकल स्टोअरात कामाला जायच्या आधी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि संध्याकाळी आली की बहुतेक तसंच उचलायची.

कारण सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. मागच्या रमजानात त्यांचा मुलगा जिशान, लग्नाला आलेला पोरगा, घुग्घुसकडच्या एका वसाहतीत पाण्याच्या टाकीला रंग देताना वरून पडला. काम बाप-लेकाचं जोडीनं चाललं होतं. जिशानला रोजा होता. पहाटे सहरीच्या वेळी खुर्शीदानं नवऱ्याला बजावलं होतं, "उन्हात त्याले वर नका चढवू. वरचं तुमी करा, नाई तं ऊन उतरल्यावर करा." कय्यूमनं मान हलवली होती. दुपारी ठेकेदार घाई करू लागला, कय्यूमचा गुडघा त्या दिवशी धरला होता, आणि पोरगा म्हणाला, अब्बा, मी जातो. कय्यूमनं जाऊ दिलं.

मय्यत उठली त्या दिवशी खुर्शीदानं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग तोंडाला कुलूप घातलं. खोटं कशाला बोला, त्या कुलपाचा कय्यूमला थोडा आधारही वाटायचा. ती बोलली तर काय बोलेल ह्याचीच त्याला धास्ती होती. ती तख्तावर उठून बसलेली दिसली की हा पायांत चपला घालून बाहेर पडायचा, काम असो वा नसो. असा हा घरातला कारभार चालला होता. बाई दिवसेंदिवस वाळत होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि डॉक्टर म्हणत होता की दुखणं काही नाही, फक्त त्यांना जेवायला लावा. जेवायला लावा म्हणे. ते एवढं सोपं असतं तर डॉक्टरकडे नेलं कशाला असतं?

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाचं, म्हणजे गावाभोवतीच्या तटाचं, एक गेट कय्यूमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या गेटाच्या कमानीत पाखरांची जुनी वस्ती. काळी, लहानशी, पंख विळ्यासारखे वाकडे, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. ही पाखरं ना फांदीवर बसत, ना जमिनीवर उतरत. दिवसभर हवेत किडे टिपायचे आणि संध्याकाळी चिरचिर ओरडत कमानीच्या छताला जाऊन चिकटायचं. शेजारच्या इंदुबाई त्यांना पाकोळ्या म्हणतात. कय्यूमच्या घरी त्यांना अबाबील म्हणतात, आणि हे नाव घेताना आवाज जरा खाली येतो, कारण काब्यावर चालून आलेल्या फौजेवर चोचीतले खडे टाकणारी पाखरं ती हीच, असं तिथलं प्रत्येक पोर आजीच्या मांडीवर ऐकत आलेलं असतं. अबाबीलाच्या घरट्याला कुणी काठी लावत नाही.

ह्या वर्षी थंडी सरता सरता त्या गेटाच्या डागडुजीला सुरुवात झाली. कमानीला बांबूची परांची बांधली गेली, हिरवी जाळी लागली, आणि पाखरं उघड्यावर आली. संध्याकाळी त्यांचा थवा मोहल्ल्यावरून ओरडत फिरायचा. अशाच एका संध्याकाळी एक जोडी कय्यूमच्या वरांड्यात शिरली, स्लॅब आणि बीमच्या कोपऱ्याला चाचपून बाहेर गेली, पुन्हा आली. जोया चहा घेऊन आतल्या खोलीत गेली तर खुर्शीदा तख्तावर नव्हती. ती उंबऱ्यात बसून वर पाहत होती.

"अबाबील घर पाहून राह्यले," ती म्हणाली. "दार नको लावू."

जोया तशीच ओढणी सावरत चौकातल्या चहाच्या टपरीवर पळाली, कारण बाप दुसरीकडे कुठे असणार. "अब्बा, अम्मी बोलली," एवढंच तिनं सांगितलं. कय्यूमनं हातातला अर्धा कप तसाच ठेवला. त्याच्या मनानं तिथल्या तिथे घेतलं की ही पाखरं घरात राहिली तर खुर्शीदा जगेल, आणि गेली तर तीही जाईल. ह्यात तर्क किती आणि वेड किती हे त्याला कुणी विचारू नये. बुडता माणूस हाताला काय लागलं ते पारखून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वरांड्यातला पंखा उतरवला, पात्याला पाखरू अडकू नये म्हणून. ट्यूबलाईट काढली. जोयाची स्कूटी बाहेर रस्त्यावर लावायला लावली. इतकं करून गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण पाहुणे यायचे म्हटल्यावर रंगारी माणसाला काय सुचणार? छताला वर्षानुवर्षांचा चुना होता, कुठे कुठे खपल्या निघालेल्या. खपली पिल्लाच्या डोळ्यात गेली तर, असं त्याच्या मनात आलं. पाखरं दिवसा बाहेर असत, तेवढ्या वेळात त्यानं चुना खरवडला, खळग्यांत लांबी भरली, प्रायमर मारला आणि वर ऑइल पेंटचे दोन हात दिले. सगळं घाईघाईत, पाखरं परतायच्या आत. पण हात बसलेला असा की खालच्या फरशीची छाया छतात दिसावी.

"कय्यूमभाऊ, घरी लग्न आहे का?" इंदुबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"पाहुणे येऊन राह्यले, बाई," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो असा हसून बोलला होता.

अबाबील घरटं बांधतं ते थुंकीनं. हवेत तरंगणारी पिसं, कापूस, काड्या उडता उडता टिपायच्या आणि थुंकीनं छताला चिकटवायच्या. खरखरीत चुन्याला ती थुंकी घट्ट धरते. गुळगुळीत तेली रंगाला ती किती धरणार? जन्मभर छतं रंगवलेल्या माणसाला एवढं कळू नये, असं कुणी म्हणेल. पण त्याला लोक बोलवायचे ते चिमण्या-पारव्यांची घरटी खरवडून काढायला. घरटं टिकावं म्हणून कधी कुणी बोलावलं नव्हतं.

पाखरांनी हट्टानं तोच कोपरा धरला. सुरुवातीला पिसं खाली गळायची, कय्यूम ती गुपचूप झाडून टाकायचा. मग बीमच्या कडेचा थोडा आधार सापडला आणि घरटं धरलं. त्याला लागून दुसऱ्या जोडीचं, मग तिसऱ्या, असा पिसांचा एक मोठा गड्डा छताला लोंबू लागला. खुर्शीदा रोज दुपार कलली की, असरच्या नमाजेनंतर, उंबऱ्यात येऊन बसायची. कय्यूमनं कोंबडीच्या दुकानातून पांढरी मऊ पिसं आणली, धुतली, वाळवली आणि काही न बोलता उंबऱ्यापाशी ठेवून निघून गेला. लांबून गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं पाहिलं. तिनं एक पीस वाऱ्यावर सोडलं. पाखरू कुठून आलं कळलंही नाही, पीस उचलून वर गेलं. तिनं दुसरं सोडलं. त्या रात्री ती एक पोळी जेवली. जोयानं ते बापाला सांगितलं तेव्हा तो मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिला. नवऱ्याशी मात्र ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

मे महिना लागला. चंद्रपूरचा मे काय असतो ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, घरोघरी खिडक्यांतले कूलर घरघरत असतात आणि त्या आवाजात दारात कुणी मेलं तरी शेजाऱ्याला कळत नाही. घरट्यांतून पिल्लांची चिवचिव सुरू झाली होती. अशा एका दुपारी कय्यूम जुम्म्याची नमाज पढून घरी आला आणि वरांड्यात त्याच्या पायाशी एक पिल्लू दिसलं. उघडंबोडकं, डोळे मिटलेले, मेलेलं. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानं वर पाहिलं. स्लॅब तव्यासारखा तापला होता. रंगाचा पापुद्रा फुगून भिंतीकडून सुटला होता, आणि त्याला चिकटलेला घरट्यांचा अख्खा गड्डा एका कडेनं खाली झुकला होता. पापुद्रा फाटत चाललेला त्याला डोळ्यांनी दिसत होता. चुना नीट खरवडला गेला नव्हता, त्यावर रंग धरला नव्हता. हे नवशिक्या पोरालाही कळलं असतं.

कुर्ता काढून खुंटीला अडकवला, कोपऱ्यातली रंगकामाची घोडी ओढली, वर चढला आणि दोन्ही तळहात गड्ड्याखाली लावून तो छताला दाबून धरला. मग त्याच्या लक्षात आलं की आता पुढे काहीच करता येत नाही. हात काढले तर गड्डा खाली येणार. फोन खाली, कुर्त्याच्या खिशात. त्यानं इंदुबाईंना हाका मारल्या. कूलर घरघरत राहिला. त्यानं खुर्शीदाला हाक मारली. आतल्या खोलीत तिचाही कूलर चालू होता.

तळहातांना पिल्लांची ऊब लागत होती. त्यांची धडपड कळत होती. चोचीत किडे भरून आईबाप वरांड्यात यायचे, छतापाशी माणूस उभा पाहून ओरडत माघारी वळायचे. पुन्हा यायचे, पुन्हा वळायचे. कय्यूमला हळूहळू सगळा पेच कळला. तो धरून उभा आहे तोवर आईबाप पिल्लांना भरवणार नाहीत, पिल्लं भुकेनं मरतील. सोडलं तर पडून मरतील. खांदे भरून आले, मग बोटं बधिर झाली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. गुडघा, तोच तो गुडघा, थरथरू लागला.

सगळं आपल्याच हातानं झालं, हे त्याच्या मनातून जाईना. प्रेमानं करायला गेलो तेही असंच झालं. खुर्शीदा असरला उंबऱ्यात येईल आणि फरशीवर पिसं नि मेलेली पिल्लं पाहील. ती परत त्या भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि ह्या खेपेस उठणार नाही. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की तो मोठमोठ्यानं बोलू लागला. कूलरच्या घरघरीत ऐकायला कोण होतं? आपण पाखरांशी बोलतोय की पोराशी, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

आणि लाईट गेली. देशभर वीज पाठवणाऱ्या ह्या गावात मेच्या दुपारी लाईट जाणं काही नवं नाही. गल्लीतले सगळे कूलर एकदम बंद पडले, आणि त्या शांततेत कय्यूमचं बोलणं घरभर ऐकू गेलं.

"धरलं बेटा, धरलं. मी आहो न खाली. या खेपेस नाई सोडत."

आत तख्त करकरलं. पावलं ऐकू आली. खुर्शीदा उंबऱ्यात येऊन उभी राहिली, केस मोकळे, ओढणी एका खांद्यावरून लोंबत. तिनं फरशीवरचं पिल्लू पाहिलं. मग घोडीवर उभा नवरा पाहिला, त्याचे वर ताणलेले हात पाहिले. एरवी ती अशी समोर आली की तो चपला शोधायचा. आज त्याला तोंड फिरवायचीही सोय नव्हती.

"मी सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. वर्षभर जवळजवळ न वापरलेला आवाज, खरखरीत झालेला. "उन्हात त्याले वर नका चढवू."

"हो."

"तुमी मान हलवली होती."

"हो, खुर्शीदा."

"मंग काऊन जाऊ देला?"

कय्यूमकडे उत्तर होतं, ठेकेदाराचं, गुडघ्याचं, पोराच्या हट्टाचं. वर्षभर तो ते मनात घोकत आला होता. आता त्यातलं एकही तोंडातून निघेना. "जाऊ देला," एवढंच तो म्हणाला. वर पापुद्रा आणखी थोडा फाटला आणि पिसांचा झुबका त्याच्या कपाळावर पडला.

ती आत गेली. कय्यूमला वाटलं, संपलं. पण आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. खुर्शीदा स्वयंपाकघरातलं टेबल ओढत होती. वर्षभर अर्धपोटी राहिलेली बाई, दर दोन पावलांना थांबून दम खात होती. तिनं टेबल घोडीला लावलं, गुडघे टेकून वर चढली, मग भिंतीला धरून उभी राहिली.

"उतरा तुमी," ती म्हणाली. "मी धरते."

"तुले नाई जमणार. पडशीन."

"मले जमते का नाई, ते तुमी नका सांगू."

तिनं हात वर केले आणि त्याच्या हातांशेजारी लावले. बोटांना बोटं लागली, तिनं मागे घेतली नाहीत. कय्यूमनं एकेक बोट करून आपले हात काढले. घोडीवरून उतरला तेव्हा त्याला हात खालीही आणता येईनात, ते कोपरापासून तसेच वाकडे राहिले होते. पण उभं राहायला वेळ नव्हता. त्यानं बांबूची टोपली घेतली, कत्तीनं एका बाजूचा काठ कापून पाखरांना शिरायला वाट केली. रोलर बांधायचा लांब बांबू होता, त्याच्या टोकाला टोपली सुतळीनं करकचून आवळली. ती टोपली गड्ड्याखाली बसवून बांबू उभा केला आणि खाली फरशीवर विटा ठोकून तो पक्का टेकवला. खुर्शीदाचे पाय टेबलावर लटपटत होते. ती ओठ दाबून वरच पाहत होती. "झालं," तो म्हणाला तरी तिनं हात काढले नाहीत. त्यानं बांबू हलवून दाखवला, तेव्हा कुठे काढले.

दोघं आत आली. दार लावलं आणि खिडकीच्या फटीपाशी जमिनीवर बसली, शेजारी शेजारी, वर्षानंतर. लाईट अजून आली नव्हती. खोलीत भट्टीसारखी धग होती. बाहेर पाखरं ओरडत फिरत होती. एक वरांड्याच्या तोंडापर्यंत आलं आणि टोपली पाहून वळलं. पुन्हा आलं, पुन्हा वळलं. टोपलीतली चिवचिव आता फार बारीक झाली होती. खुर्शीदा ओठांतल्या ओठांत काहीतरी पढत होती. कय्यूमनंही मागितलं, पण काय मागितलं ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं.

बराच वेळ गेला. आणि एक पाखरू थेट आत आलं, टोपलीच्या कापलेल्या काठाला लटकलं, जरा थांबलं आणि आत सरकलं. पिल्लांनी एकच कालवा केला.

खुर्शीदानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. फटीतून बाहेर पाहतच तिनं विचारलं, "तो पडला तवा तुमी कुठी होते?"

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी तिला सबुरीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, अल्लाची मर्जी सांगितली होती. पोरगा पडताना बाप कुठे होता, हे सांगायची कुणाची छाती झाली नव्हती, बापाची तर नाहीच.

"खालीच," कय्यूम म्हणाला. "रंग ढवळून राह्यलो होतो. त्यानं अब्बा म्हटलं, मी वर पाह्यलं."

"मंग?"

"पळालो. हात समोर केले होते." त्यानं ते वाकडे हात पुढे केले, जसे त्या दिवशी केले असतील तसे. "पोचलो नाई, खुर्शीदा. थोडंसंच राह्यलं होतं."

वर्षभर ज्या माणसाला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या छातीतून गुरासारखा हंबरडा वर आला. खुर्शीदानं झटकन आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

"गप," ती त्याच्या कानाशी म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता. "गप राहा. त्याईले भरवू द्या."

तिच्या हाताला पिसांचा आणि पाखरांच्या शिटेचा वास येत होता. कय्यूम त्या हातात तोंड खुपसून, जमेल तेवढा आवाज दाबून रडत राहिला.